‘टाकतीन’ आणि ‘टाकीन’ : ११२ वरच्या एका कॉलचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दक्षिण नागपुरातल्या एका लेआउटमध्ये ३४ वर्षांचा एक माणूस आपल्या घराच्या अंगणात कूलर उघडून बसला होता. तिन्ही बाजूंच्या ताट्या काढून त्याने जमिनीवर मांडल्या होत्या आणि भाजी चिरायच्या सुरीने एकेका ताटीची जाळी कापून तो आतला वाळा उपसत होता. तीन रात्री त्याला झोप नव्हती, आणि त्या तिन्ही रात्री कूलरच्या मोटरच्या घरघरीतून त्याला आपले नाव ऐकू येत होते. आत कोणीतरी काहीतरी बसवले आहे अशी त्याची खात्री झाली होती आणि ते काही केल्या सापडत नव्हते. गच्चीवरचे वाळवण उचलायला आलेल्या शेजारच्या काकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना दिसली ती सुरी आणि दारात उभी असलेली म्हातारी आई. ऐकू आले ते दोन शब्द.

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. मनोविकार असलेल्या माणसांच्या घरच्यांशी बोलताना जे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते, त्यातून ते अभ्यासासाठी रचले आहे. त्यातली माणसे, वेळा आणि संवाद जुळवलेले आहेत. मात्र ज्या यंत्रणेतून ते जाते ती यंत्रणा आणि ज्या कायद्याच्या चौकटीत ते संपते तो कायदा खरा आहे. ते इथे सविस्तर मांडण्याचे कारण असे की, अशा प्रसंगांत पोलिसांनी दारात काय केले यावर आपण पुष्कळ बोलतो, पण दारात येण्यापूर्वी त्यांना काय सांगितले गेले होते, याची विचारपूस जवळजवळ कोणी करत नाही.

कॉल कसा प्रवास करतो

महाराष्ट्रात ११२ ही आणीबाणीच्या मदतीची एकत्रित सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे मुख्य संपर्क केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरे नागपुरात. राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून लावलेला फोन या केंद्रांत घेतला जातो, तिथे घटनेची नोंद तयार होते, ती त्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळची गाडी नेमली जाते. गाडीत बसवलेल्या पडद्यावर पत्ता, नकाशा आणि घटनेचा मजकूर उमटतो. यात बरेच काही उत्तम आहे. पूर्वी १०० वर फोन लावून पत्ता समजावण्यातच निम्मा वेळ जात असे आणि गाडी कुठवर आली हे कोणालाच सांगता येत नसे.

पण या प्रवासात एक गोष्ट दर टप्प्यावर आक्रसत जाते. फोन करणारा घाबरलेल्या आवाजात दीड-दोन मिनिटे बोलतो, त्याची नोंद दोन ओळींची होते आणि धावत्या गाडीत हवालदार त्यातली पहिली ओळ वाचतो. गच्चीवर उभ्या माणसाची शंका, त्याचे ‘वाटते’, ‘बहुधा’, ‘मला नीट दिसत नाही’, हे सगळे वाटेत गळून पडते आणि शेवटी जे उरते ते ठाम वाक्य असते.

३ वाजून ४२ मिनिटे

शेजारचे काका सेवानिवृत्त, सरळमार्गी गृहस्थ. दोन्ही घरांचे संबंध चांगले होते. त्यांनी फोन केला तो भीतीने आणि काळजीने, यात काही संशय नाही. ते म्हणाले, “साहेब, बाजूच्या घरातला पोरगा चाकू घेऊन अंगणात फिरून राहिला. मारून टाकीन म्हणते. आई घरातच हाय त्याची, म्हातारी हाय. लवकर पाठवा कोणाले तरी.”

फोन घेणाऱ्याने पत्ता विचारला, खूण विचारली, नाव विचारले आणि गाडी निघावी म्हणून लगेच नोंद पुढे पाठवली. नोंद अशी होती : ‘इसम चाकू घेऊन आईला मारत आहे. परिसरात दहशत.’

आता मूळ शब्दांकडे जवळून पाहू. अंगणातला माणूस ओरडत होता, “मारून टाकतीन!” प्रमाण मराठीत आपण ‘ते मारून टाकतील’ म्हणतो, वऱ्हाडी आणि नागपुरी बोलीत तेच ‘टाकतीन’ होते. ‘येतीन’, ‘जातीन’, ‘करतीन’ हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यातले आहे. तो सांगत होता की ते मला मारून टाकतील. काकांनी मधल्या भिंतीपलीकडून, बाजूला कूलर चालू असताना, ‘मारून टाकीन’ ऐकले. एका ‘त’ने मरणारा मारणारा झाला. पुढे ‘मारून टाकीन म्हणते’ याचे ‘मारत आहे’ झाले, म्हणजे उच्चारलेली धमकीही नोंदीत चालू असलेली मारहाण बनली, आणि जिला कोणी हातही लावला नव्हता ती आई पीडित ठरली. यात कोणी खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने ऐकलेली गोष्ट थोडी स्पष्ट केली, एवढेच.

मला हा तपशील क्षुल्लक वाटत नाही. राज्यभराचे फोन दोन केंद्रांत घेतले जातात तेव्हा नागपूरचा, गडचिरोलीचा, सिंधुदुर्गाचा माणूस आपापल्या बोलीत घाबरतो, आणि ती भीती कानावर पडते ती कदाचित ती बोली कधीच न ऐकलेल्या तरुण कर्मचाऱ्याच्या. म्हणून ‘तो नेमके काय म्हणाला, तेच शब्द पुन्हा सांगा’ हा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याला दहा सेकंद लागतात.

३ वाजून ५० मिनिटे

दुसरा फोन त्याच्या मोठ्या बहिणीचा. ती नंदनवनला राहते. आईने तिला कळवले होते आणि ती स्कूटरवर निघण्यापूर्वी ११२ वर बोलत होती. तिच्याकडे ती सगळी माहिती होती जी पहिल्या फोनमध्ये नव्हती. भावाला आठ वर्षांपासून मनोविकार आहे. तो कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत आणि लिलाव तर लवकर सुरू होतो, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्याने गोळ्या सोडल्या. त्याने आजवर कोणावर हात उगारलेला नाही. सुरी कूलर उघडण्यासाठी घेतली आहे, हे आईने तिला सांगितले होते. ती शेवटी म्हणाली, “त्याच्यावर ओरडू नका. बाळू म्हणून हाक मारा आणि ताई येऊन राहिली म्हणून सांगा, तो ऐकते.”

एकाच पत्त्यावरून आलेले फोन एकाच घटनेला जोडणे हे योग्यच आहे, नाहीतर एका भांडणासाठी पाच गाड्या निघतील. त्याप्रमाणे ही माहिती पहिल्या नोंदीला जोडली गेली आणि गाडीच्या पडद्यावर पोहोचलीही. पण तोवर हवालदार आणि शिपाई गाडीतून उतरून फाटकाशी गेले होते, आणि पडदा गाडीत होता.

पुढची दोन मिनिटे पहिल्या वाक्यानुसार घडली. दोघे आत शिरले, शिपायाच्या हातात काठी होती, “चाकू टाक, चाकू टाक” असा आवाज झाला. रस्त्यावर तोपर्यंत वीसेक माणसे जमली होती आणि त्यांतली दोघे-तिघे मोबाइलवर चित्रण करत होती. ज्याला तीन रात्री वाटत होते की कोणीतरी आपल्याला मारायला येणार आहे, त्याच्या अंगणात खरोखरच काठी घेऊन माणसे आली. तो मागे सरकत स्वयंपाकघरात गेला. दारात उभी असलेली आई त्याच्यामागोमाग आत गेली आणि त्याने कडी लावली.

इथे क्षणभर थांबायला हवे. सुरी हातात असलेला माणूस आणि म्हातारी आई बंद खोलीत, ही परिस्थिती ३ वाजून ४२ मिनिटांनी अस्तित्वात नव्हती. नोंदीत जे लिहिले होते ते तेव्हा खरे नव्हते. पण त्या नोंदीनुसार वागल्यामुळे ते खरे होण्याच्या बेतात आले होते.

वायरलेसवरची दोन वाक्ये

प्रकरणाला वळण मिळाले ते नियंत्रण कक्षात. गाडी नेमणाऱ्या महिला कर्मचाऱ्याने जोडलेली माहिती वाचली, गाडी पोहोचल्याची खूण पाहिली आणि पडद्यावर भरवसा न ठेवता वायरलेस उचलला. हवालदाराच्या कमरेच्या वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला : “मनोरुग्ण आहे, मारहाण झालेली नाही, सुरी कूलर उघडायला घेतली आहे. नाव बाळू, बहीण रस्त्यात आहे, ओरडू नका.” बस, एवढेच.

हवालदाराने त्यानंतर जे केले त्यात मनोविकाराचे विशेष ज्ञान लागत नव्हते. परिस्थितीची खरी कल्पना तेवढी लागत होती. त्याने शिपायाला काठीसह फाटकाबाहेर पाठवले आणि लोकांना कोपऱ्यापर्यंत मागे न्यायला सांगितले. गाडीवरचा लुकलुकणारा दिवा बंद करवला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हात दूर, ओट्यावर बसून, हाक मारली, “बाळूभाऊ, ताई येऊन राहिली. तोवर मी इथंच बसतो.” आतून बराच वेळ उत्तर नव्हते. नंतर आवाज आला, “ते मशीन बंद करा.” घरचा कूलर तर केव्हाच उघडा पडला होता, घरघर होती ती शेजारच्या कूलरची. हवालदाराने गच्चीकडे पाहून काकांना हात जोडले. काका खाली गेले आणि त्या उन्हात त्यांनी आपला कूलर बंद केला.

सगळ्या लेआउटमध्ये एकदम शांतता झाली, असे म्हणता येणार नाही. पण त्या अंगणापुरती झाली. पंधरा-वीस मिनिटांनी सुरी खिडकीच्या कट्ट्यावर आली. बहीण पोहोचल्यावर कडी आईनेच उघडली.

एका वाक्याचे वजन किती असते

फोनवरून मिळालेल्या माहितीचा पोलिसांच्या कृतीवर परिणाम होतो हे सामान्य समजुतीनेही पटते, पण किती होतो याची कल्पना आपल्याला नसते. अमेरिकेत तीनशेहून अधिक सेवेतील पोलीस अधिकाऱ्यांवर एक प्रयोग झाला. गोळीबाराच्या सरावासाठी वापरतात तशा पडद्यावर सर्वांना एकच प्रसंग दाखवला गेला : संशयित खिशातून झटकन मोबाइल काढतो. वाटेत ज्यांना त्याच्याकडे पिस्तूल असल्याचे कळवले होते, त्यांच्यापैकी सुमारे ६२ टक्क्यांनी गोळी झाडली. ज्यांना याबाबत काहीच कळवले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते, आणि तो मोबाइलवर बोलतो आहे असे कळवलेल्यांत सुमारे ६ टक्के. पडद्यावरचा माणूस तोच, वस्तू तीच. फरक होता तो केवळ ऐकलेल्या वाक्याचा.

त्याच देशातले एक गाजलेले प्रकरण यापेक्षाही आपल्या प्रकरणाच्या जवळचे आहे. १६ जुलै २००९ रोजी केंब्रिज शहरात हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स परदेशातून परतले तेव्हा त्यांच्याच घराचे दार अडकले होते आणि ते गाडीच्या चालकाच्या मदतीने ते उघडत होते. फोन करणाऱ्या स्त्रीने सांगितले होते की त्यांच्याजवळ सुटकेस आहेत आणि ते तिथेच राहत असतील की काय, हे आपल्याला ठाऊक नाही. गाडीपर्यंत पोहोचले ते मात्र घरफोडीचे वाक्य. तिची शंका मागेच राहिली. गेट्स यांना त्यांच्याच घरी अटक झाली आणि काही दिवसांत आरोप मागे घ्यावा लागला.

आपल्याकडचे पोलीस अशा प्रसंगी सहसा गोळी झाडत नाहीत, म्हणून हे आकडे आपल्याला लागू नाहीत असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपल्याकडे त्या वाक्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते : काठी, हातकडी, गर्दीने केलेली मारहाण, रात्रभर ठाण्यातल्या बाकावर बसवणे आणि लेआउटभर पसरलेले चित्रण. ज्याचा आजार संशयाचाच आहे, त्याच्यासाठी यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या संशयाचा पुरावा ठरते, आणि पुढच्या वेळी तो दवाखान्यातही यायला तयार होत नाही.

मग काय विचारायचे

एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. फोन घेणाऱ्याला अंगण दिसत नाही. सुरी आहे, म्हातारी आई आहे, आणि आठ मिनिटांनी खरी माहिती देणारी बहीण फोन करेलच याची काहीच हमी नाही. त्याने सौम्य नोंद केली आणि आईला खरोखरच इजा झाली, तर त्याला कोण क्षमा करील? हा प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच मी सौम्य नोंद करा असे म्हणत नाही. नोंद अचूक करा, एवढेच म्हणते. पत्ता मिळताच गाडी निघालीच पाहिजे; प्रश्न त्यानंतर, गाडी धावत असताना विचारता येतात. गाडीचा वेग आणि वाक्याचा ठामपणा या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत.

काकांना विचारता आले असते : तुम्ही स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले? कोणाला लागले आहे का? या क्षणी त्या चाकूने तो काय करतो आहे? या शेवटच्या प्रश्नाचे काकांचे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते गच्चीवरूनच पाहत होते : “कूलरची ताटी कापून राहिला.” तो आजारी आहे का, कुठे उपचार चालू आहेत का, घरातले कोण त्याच्याशी बोलू शकेल, हेही त्यांना बहुधा सांगता आले असते, कारण शेजाऱ्यांना आठ वर्षांत असे काही लपून राहत नाही. त्यांनी ते आपणहून सांगितले नाही, कारण कोणाच्या घरातला आजार असा पोलिसांना सांगणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला आजही ऑटोवाले ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ज्या गावात पत्ताच अशा शब्दाने सांगितला जातो, तिथे शेजारी अडखळतो याचे नवल नाही. विचारणाऱ्यानेच ‘त्याची तब्येत काही दिवसांपासून बरी नाही का?’ असे विचारले, तर सांगणाऱ्याला वाट मिळते.

नोंदीत ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ हे वेगळे लिहिणे, शस्त्राऐवजी वस्तूचे नाव लिहिणे, आणि गाडी पोहोचल्यानंतर आलेली कोणतीही महत्त्वाची माहिती पडद्यावर न सोडता आवाजाने कळवणे, या तीन सवयींसाठी नवे सॉफ्टवेअर लागत नाही. त्या वायरलेस उचलणाऱ्या कर्मचाऱ्याने तिसरी सवय स्वतःच्या बुद्धीने पाळली. ती नियमात असती तर ती तिच्या बुद्धीवर अवलंबून राहिली नसती.

दारानंतरचा रस्ता

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १०० प्रमाणे, मनोविकारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. त्याला किंवा त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (उपचारांच्या निर्णयांत मदतीसाठी नेमलेल्या व्यक्तीला) कारण सांगावे लागते, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते, आणि त्याला कोठडीत कधीही ठेवता येत नाही. कायद्याचा शब्द ‘संरक्षण’ आहे, ‘ताबा’ नाही. दक्षिण नागपुरातून उत्तरेच्या टोकाला कोराडी मार्गावरच्या मनोरुग्णालयापर्यंतच न्यायला हवे असेही नाही. जवळचे सरकारी रुग्णालय चालते. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी रुग्णालये आहेत. कलम ९४ प्रमाणे तातडीचे उपचार ७२ तासांपर्यंत देता येतात.

हवालदाराला हे ठाऊक होते. ठाण्यात न थांबता गाडी सरळ सरकारी रुग्णालयात गेली. बहीण त्याच्याशेजारी बसली, आईच्या मांडीवर उपचारांच्या जुन्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. लेआउटमधल्या कोणीतरी ‘केस नाही केली का?’ असे विचारले तेव्हा हवालदार म्हणाला, “कशाची केस? कूलर त्याचाच आहे.”

आणीबाणी कक्षात मात्र पहिले वाक्य पुन्हा भेटले. गाडीने आणलेल्या माहितीवरून केसपेपरवर पहिली ओळ लिहिली गेली होती : ‘आईवर हल्ला, हिंसक’. त्या ओळीवरून शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक दूर सरकले आणि एक कर्मचारी त्याचे हात बांधायची पट्टी घेऊन आला. बहिणीने डॉक्टरांना विचारले, “हे कोणी सांगितलं, मॅडम?” डॉक्टरांनी आईला समोर बोलावले. आईला कमी ऐकू येते, म्हणून प्रश्न दोनदा विचारावा लागला. तिने लुगड्याचा पदर सावरून दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून दाखवले आणि म्हणाली, “मले कशाले मारन तो? मले तर आत घेऊन गेला, मले कोणी मारू नये म्हणून.”

केसपेपरवरची ओळ खोडता येत नाही. डॉक्टरांनी तिच्याखाली तारीख आणि वेळ घालून लिहिले : ‘आईच्या सांगण्यानुसार मारहाण नाही. आईच्या अंगावर इजा नाही. रुग्णाला स्वतःच्या जिवाची भीती.’ पट्टी परत गेली.